जागे असल्याचा दाखला

गाडीनं तपासनिसांना झोपलेलं ठरवलं, त्या वेळी ते सिग्नलला थांबून कोपऱ्यावरचा फळवाला तागडीखाली करंगळी कशी लावतो ते बघत होते. म्हणजे माणूस जितका जागा असू शकतो तितके ते त्या क्षणी जागे होते. तेवढ्यात टिंग टिंग झालं, समोरच्या पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र आलं आणि खाली अक्षरं उमटली : ‘चालक झोपेत आढळला. कृपया विश्रांती घ्या.’

तपासनिसांनी आधी मागे वळून पाहिलं. गाडीत आणखी कोणी चालक आहे का, असं.

शेजारी बसलेल्या बायकोनं पडदा वाचला, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पडदा वाचला आणि विचारलं, “अहो, खरंच डोळा लागला की काय?”

गाडीचं एक वेळ सोडा. ती कालच अपडेट झाली होती, तिला माणसांची सवय नव्हती. पण अठ्ठावीस वर्षं संसार केलेल्या बायकोनं हे विचारावं?

आता तपासनिसांच्या डोळ्यांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांच्या पापण्या जन्मापासून अर्ध्यावरच. मालक जेवायला गेला की दुकानाचं शटर अर्धं ओढून ठेवतात ना, तशा. बाहेरून वाटावं बंद आहे. आत सगळा कारभार सुरू. शाळेत त्यांना ‘डुलकी’ म्हणत. वर्गात जो एकटा मुलगा लक्ष देऊन ऐकत असे, नेमका तोच बाकावर उभा केला जाई. लग्नात फोटोग्राफरनं एकच फोटो सात वेळा काढला आणि शेवटी हात टेकून म्हणाला, “राहू द्या, नवरीचा चांगला आलाय.”

पण या पापण्यांनी त्यांना नोकरीत हात दिला होता. ते वजनमापं तपासणारे तपासनीस. बाजारात जाऊन एखाद्या दुकानासमोर नुसते उभे राहिले, की दुकानदाराला वाटे, साहेब उभ्या उभ्या पेंगतायत; आणि तो निर्धास्तपणे काटा मारी. पुढच्या मिनिटाला काटा जप्त. एकोणतीस वर्षं त्यांनी खोटं बोलणारी उपकरणं पकडली होती, आणि आता एक उपकरण त्यांच्याबद्दल, त्यांच्याच तोंडावर, त्यांच्या बायकोदेखत खोटं बोलत होतं.

“तुम्हीच तर ‘मान्य आहे’ दाबलंत काल,” बायको म्हणाली.

हे मात्र खरं होतं. शनिवारी अपडेट आलं तेव्हा तपासनिसांनी त्याच्या अटींची एक्केचाळीस पानं सगळी वाचली होती. असं करणारे ते बहुधा एकटेच असतील. सतराव्या पानावर लिहिलं होतं, की गाडीतला छोटा कॅमेरा यापुढे चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवेल. त्यांनी मान डोलावली होती. छान आहे, अशी देखरेख हवीच, असं त्यांना वाटलं होतं. दुसऱ्यांवर.

सोमवारी त्यांच्या मुलीला मुलगी झाली. जावई जहाजावर, पुढच्या महिन्यात येणार. पहिले तीन महिने मायलेकी आजीआजोबांकडे राहणार होत्या आणि येत्या शनिवारी त्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. कोण आणणार, हा प्रश्नच नव्हता. तपासनिसांनी दवाखाना ते घर हा रस्ता दोनदा मोजून ठेवला होता : अकरा गतिरोधक, त्यातले तीन रंग न दिलेले. कोणत्या गतिरोधकाला किती वेगानं गेलं की मांडीवरच्या पेल्यातलं पाणी हलत नाही, याची नोंद त्यांच्या खिशातल्या वहीत होती. पेला बायकोच्या मांडीवर होता. नोंद व्हायच्या आधी तिच्या दोन साड्या भिजल्या, ते वहीत नाही.

मंगळवारी दुपारी ते व्याही आणि विहीणबाईंना बाळ दाखवायला घेऊन निघाले. व्याही टपालखात्यातून निवृत्त. डोळे असे, की समोरच्याला वाटावं कुणीतरी आपल्यावर दोन दिवे लावलेत. त्यांच्याकडे याच कंपनीची हीच गाडी, फक्त रंग जास्त तकतकीत. गाडीमालकांचा फोनवर एक गट होता. त्यात अपडेटचा अनुभव लिहायची सध्या साथ आली होती. एका दंतवैद्यानं लिहिलं होतं, की गाडी आता पांढरा पट्टा ओलांडू देत नाही, पोराचं मनगट धरून ओढावं तशी मधोमध आणते. एका शिक्षिकेनं लिहिलं होतं, ‘समोर कागदी पिशवी उडाली तरी ब्रेक मारते. पिशवी वाचली, माझी मान गेली.’ आणि व्याह्यांनी लिहिलं होतं, ‘उत्तम. गाडी आता जवळजवळ माझ्याइतकी चांगली चालवते.’

पहिलं टिंग टिंग झालं तेव्हा विहीणबाईंनी पर्स उघडून आपला फोन बघितला. दुसऱ्याला व्याह्यांनी मागच्या सीटवरून पुढे वाकून पडदा मोठ्यानं वाचला, जोडाक्षरांसकट. तिसऱ्याला स्टिअरिंग तपासनिसांच्या हातात आपोआप फिरलं, गाडी अदबीनं डावीकडे सरकली, एका गाद्यांच्या दुकानासमोर थांबली आणि चारी दिवे लुकलुकवू लागली. दारातल्या गादीवर बसलेल्या विक्रेत्यानं हात जोडून “या, या” म्हटलं. मग छतातून एक गोड आवाज आला.

“नमस्कार. आपण शुद्धीवर आहात का?”

“पूर्ण शुद्धीवर आहे!” तपासनीस ओरडले.

“आपल्यासोबत कोणी जबाबदार व्यक्ती आहे का?”

“आहे,” मागून व्याही म्हणाले.

यानंतर दवाखान्यापर्यंत गाडी कोणी चालवली, हे सांगायची गरज नाही. तपासनीस मागे, आपल्याच गाडीत, विहीणबाईंच्या पर्सशेजारी बसले होते. उतरताना व्याह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “दमलात तुम्ही, व्याहीबुवा. आजोबा होणं सोपं नसतं. शनिवारी मीच आणतो दोघींना. तुम्ही घरी आराम करा.”

“मी दमलेलो नाही.”

“तसंच वाटतं दमलेल्या माणसाला,” व्याही प्रेमानं म्हणाले.

बाळ काचेपलीकडे दुपट्यात गुंडाळलेलं होतं. झोपलं होतं. नर्सनं सांगितलं, गुणी आहे, सारखी झोपूनच असते. मुलीच्या चेहऱ्यावर मात्र आनंदाखाली आणखी काहीतरी होतं. “बाबा, जरा जास्तच झोपते का हो ती?” तिनं विचारलं. पण तपासनिसांच्या डोक्यात गाद्यांचं दुकान होतं. “झोपू दे गं,” ते म्हणाले, “तिला तरी कोणी विचारत नाही.”

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतीत पोचली. तपासनीस पायऱ्या चढत होते तोच वरच्या मजल्यावरचे रंगभूषाकार कठड्यावरून वाकून म्हणाले, “अहो, एवढंच ना? डोळे उघडून देतो तुमचे.” या गृहस्थांनी चाळीस वर्षं नाटकातल्या नटांचे चेहरे रंगवले होते. मेलेल्यांना जिवंत आणि जिवंतांना तरुण केलं होतं. त्यांनी बुधवारी सकाळी तपासनिसांना खुर्चीत बसवलं आणि कातडीच्या रंगाची बारीक चिकटपट्टी लावून दोन्ही पापण्या वर ताणून बसवल्या.

आरशात तपासनिसांना एक अनोळखी माणूस दिसला. त्याला नुकतंच काहीतरी भयंकर कळलं होतं.

“दोन तास हलणार नाही,” रंगभूषाकार म्हणाले. “फक्त पापणी मिटायची नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मिटणारच नाही. काळजी नको.”

गाडी खूश झाली. पडद्यावर हिरवी खूण आली : ‘चालक सतर्क’. तपासनीस मात्र दुसऱ्या चौकापासून रडू लागले. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून देवानं पापणी दिली आहे, हे त्यांना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी नीट समजलं. कचेरीच्या फाटकातून आत शिरताना गालांवरून धारा वाहत होत्या. पहारेकऱ्यानं सलाम करायला उचललेला हात अर्ध्यावर थांबवला. दहा मिनिटांत कचेरीतले तिघं त्यांच्या टेबलाभोवती हलक्या पावलांनी गोळा झाले.

“साहेब, बाळ... बरं आहे ना?”

“अगदी छान आहे,” तपासनीस हुंदका दिल्यासारखे म्हणाले. खरं तर त्यांना शिंक येत होती.

“धीर धरा,” हेडक्लार्क म्हणाले आणि स्वतःच डोळे पुसू लागले. शेवटी तपासनिसांनी सगळ्यांसमोर चिकटपट्ट्या काढल्या. दोन्ही पापण्यांचे केस त्यांच्याबरोबर गेले. ते पाहून तर हेडक्लार्कांना बसावंच लागलं.

दुपारी ते कंपनीच्या सेवाकेंद्रात गेले. काउंटरवरची मुलगी फार गोड होती, आणि गोड माणसांशी भांडता येत नाही, ही अशा ठिकाणची खरी व्यवस्था असते.

“सर, हे बंद नाही करता येत. सुरक्षेचं आहे ना.”

“पण ते चूक सांगतंय. मला तक्रार नोंदवायची आहे.”

“तक्रारीचा फॉर्म अपडेटनंतर काढलाय, सर. आता अभिप्राय आहे.” तिनं फोनवर दाखवलं. ‘नव्या सुविधांचा अनुभव कसा वाटला?’ खाली पाच तारे आणि दोनशे अक्षरांची एक चौकट. “किंवा मग वैद्यकीय सवलत घ्या. नेत्रतज्ज्ञांचा दाखला आणला की मुख्य कार्यालय सेटिंग बदलून देतं.”

“कसला दाखला?”

मुलीनं नियम वाचला. वाचता वाचता तिचाही आवाज जरा खाली आला. “‘सदर चालक जागा आहे,’ असा.”

गुरुवारी गाडी बायकोकडे असे. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वाचनालयात पुस्तकांच्या बांधणीचं काम बघत असे आणि दर गुरुवारी स्वतः गाडी घेऊन जाई. तपासनीस बसनं नेत्रतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं, अक्षरं वाचायला लावली, शेवटची ओळ तपासनिसांनी छापणाऱ्याच्या नावासकट वाचून दाखवली. डॉक्टरांनी लगेच लिहून दिलं : पापण्या जन्मतः खाली, दृष्टी उत्तम.

“आणि जागा आहे, असं लिहा.”

“कोण?”

“मी.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “आत्ता आहात. बाहेर गेल्यावरचं मी कसं लिहू?”

“एकोणतीस वर्षं मी काट्यांवर मोहोर उठवतोय, डॉक्टर. ती वर्षभर चालते.”

“काटा जेवून वामकुक्षी घेत नाही.”

बरीच वाटाघाट झाली. शेवटी जो दाखला मिळाला त्यात लिहिलं होतं : ‘सदर गृहस्थ आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्यासमोर जागे होते. मी स्वतः पाहिले.’ शुक्रवारी काउंटरवरच्या मुलीनं तो दोनदा वाचला, मनापासून दिलगिरी व्यक्त केली आणि सांगितलं, की हा अकरा वीसपुरताच धरता येईल. शिवाय मुख्य कार्यालयाला कामाचे पंधरा दिवस लागतात.

“उद्या शनिवार आहे हो,” तपासनीस म्हणाले. त्यांचा आवाज असा आला, की मुलीनं त्यांना पाणी आणून दिलं. “नात घरी आणायचीय.”

घरी येताना त्यांनी ठरवलं, की पुरे झालं हे अर्ज करणं. आपण अर्जदार नाही, आपण तपासनीस आहोत. खोटा काटा समोर आला की काय करायचं? त्याच्याशी वाद नाही घालायचा. प्रमाणित वजनं आणायची आणि एकेक टाकून बघायचं.

शुक्रवारी संध्याकाळी इमारतीच्या वाहनतळात रीतसर चाचणी झाली. गाडी खुंटीला बांधल्यासारखी उभी, इंजिन सुरू, कॅमेरा चालू. तपासनिसांनी वहीत रकाने आखले. पहिलं वजन, बायको : ‘सतर्क’. ती म्हणाली, “मी भाजी फोडणीला टाकून आलेय, तेव्हा असणारच,” आणि उतरून गेली. दुसरं वजन, रंगभूषाकार : ‘सतर्क’. तिसरे स्वतः तपासनीस : कप. डोळे फाडून पाहिलं : कप. पाढे म्हणत पाहिलं : कप. सतरा नव्वे त्रेपन्नासे म्हणेपर्यंत सेवाकेंद्राचा गोड आवाज पुन्हा आला आणि जबाबदार व्यक्तीची चौकशी करून गेला.

मग विहीणबाईंसह व्याही आले. उद्या किती वाजता निघायचं ते विचारायला आले होते, आणि चाचणी म्हटल्यावर हौसेनं आत बसले. डोळे वटारून कॅमेऱ्याकडे पाहिलं. ‘सतर्क’, ‘सतर्क’, ‘सतर्क’.

“बघा,” ते म्हणाले. “शेवटी जन्मजात असावं लागतं.”

“आता पाच मिनिटं तसेच शांत बसा,” तपासनीस म्हणाले. “मी नोंद करतो.”

तपासनीस बाहेर उभे राहून वेळ लिहीत होते. चौथ्या मिनिटाला गाडीतून एक आवाज येऊ लागला. आधी त्यांना वाटलं, इंजिनाचा आहे. मग त्यात चढउतार आले. त्यांनी खिडकीतून वाकून पाहिलं. व्याही ताठ बसले होते, दोन्ही डोळे टक्क उघडे, तोंडही उघडं, आणि त्या तोंडातून स्वच्छ, लयबद्ध घोरणं बाहेर पडत होतं. पडद्यावर हिरवी खूण : ‘चालक सतर्क’.

सगळ्या नोकरीत इतका सुंदर खोटा काटा त्यांना सापडला नव्हता.

“ते असेच झोपतात,” मागून विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. “लग्नाच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, किती प्रेमानं बघत राहतात माझ्याकडे.”

व्याह्यांना उठवून सांगितलं तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. मग रंगभूषाकारांनी फोनवर घेतलेलं चित्रण दाखवलं. व्याह्यांनी ते पूर्ण बघितलं. त्यांचे मोठे डोळे पहिल्यांदाच थोडे लहान झाले.

“टपालखात्यात,” ते हळूच म्हणाले, “मला कधी कुणी काही बोललं नाही. पस्तीस वर्षं.” मग म्हणाले, “उद्या तुम्हीच चालवा, व्याहीबुवा. तुमचे डोळे मिटल्यासारखे दिसतात, पण तुम्ही असता. माझं सगळं उलटंच आहे.”

असं म्हणायला मोठं मन लागतं. तपासनिसांनी त्यांना घरात नेऊन चहा पाजला. मग खाली येऊन त्यांनी कचेरीच्या पद्धतीची एक चिठ्ठी लिहिली, ‘हे उपकरण सदोष आढळले. यावर विसंबून व्यवहार करू नये,’ आणि कॅमेऱ्यावर मधोमध चिकटवली. गाडी ‘चेहरा आढळला नाही’ एवढं बोलून गप्प बसली.

शनिवारी सकाळी सगळे दवाखान्यात हजर. तपासनिसांच्या हातात चावी, खिशात वही, इस्त्रीचा सदरा. इतका रुबाब त्यांनी स्वतःच्या लग्नातही केला नव्हता. नर्सनं दुपटं आणून मुलीच्या हातात दिलं. “घ्या. झोपलीय राणी.”

मुलीनं बाळाकडे पाहिलं आणि ती आईकडे वळली. “आई, ही उठतच नाही गं. पाच दिवसांत मी हिचे डोळे नीट पाहिले नाहीत. दूध पितानाही झोपलेलीच. कागदावर बघ काय लिहिलंय.”

खाटेला अडकवलेल्या कागदावर नर्सनं तासातासाला नोंद केली होती. झोपली, झोपली, झोपली. शेवटी डॉक्टरांच्या अक्षरात : ‘बाळ सुस्त? पुन्हा दाखवावे.’

तपासनिसांनी तो कागद वाचला. असली नोंद त्यांनी कुठेतरी आधी पाहिली होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकात पाहिली होती. ते मुलीजवळ गेले, खाली वाकले आणि नातीकडे पहिल्यांदाच, काच मध्ये नसताना, नीट पाहिलं.

दोन पापण्या. अर्ध्यावर. आणि खाली, शटरखालून दिसावी तेवढी एक फट. फटीत काहीतरी काळंभोर चमकत होतं.

त्यांनी चावी तिच्या चेहऱ्यासमोर धरली आणि हळूच डावीकडे नेली. काळंभोर डावीकडे गेलं. उजवीकडे नेली. काळंभोर उजवीकडे आलं. त्यांनी चावी थांबवली. ते चावी सोडून वर सरकलं आणि त्यांच्याच डोळ्यांवर येऊन थांबलं.

“जागी आहे ती,” तपासनीस म्हणाले.

“नाही हो आजोबा,” नर्स हसली. “पाच दिवस बघतेय मी.”

“ती पण तुम्हाला पाच दिवस बघतेय. चावी घ्या, स्वतः करून पाहा.”

नर्सनं करून पाहिलं. मग डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही करून पाहिलं, पापण्या हलकेच उचलून आत टॉर्च मारला, तपासनिसांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा बाळाकडे पाहिलं. “अच्छा,” ते म्हणाले. “बाहुल्या मोकळ्या आहेत, आज चिंता नाही. मोठी होताना डोळे मात्र नियमानं दाखवत राहा.” आणि ‘सुस्त’वर काट मारली. मुलगी एकदम रडू लागली, आणि रडता रडता हसू लागली. बाळ तिच्याकडे अर्ध्या डोळ्यांनी बघत होतं, बाजारात उभ्या असलेल्या सरकारी माणसासारखं.

निघताना तपासनिसांनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं. तोच मुलगी मागून म्हणाली, “बाबा, तुम्ही माझ्याजवळ बसा ना. ती कधी जागी असते, कधी झोपते, तुम्हालाच कळतं.”

आठवडाभर ज्या खुर्चीसाठी पापण्यांचे केस गेले, ती खुर्ची समोर होती. तपासनिसांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. व्याही विहीणबाईंबरोबर आपल्या गाडीकडे चालले होते. आज चालवणार विहीणबाई होत्या.

“मग चालवणार कोण?”

बायकोनं हात पुढे केला. “आणा चावी. दर गुरुवारी चालवते मी ही गाडी, अपडेटनंतरसुद्धा. एक शब्द बोललेली नाही मला. पण तुम्ही दोघा आजोबांनी आठवडाभरात एकदा तरी विचारलंत?”

तिनं कॅमेऱ्यावरची चिठ्ठी सोलून काढली, नवऱ्याच्या हातात दिली आणि गाडी सुरू केली. तपासनीस मागे बसून गतिरोधक मोजत राहिले, “आता पाचवा, बिनरंगाचा,” आणि बायको “दिसतोय हो” म्हणत राहिली. अकराच्या अकरा गतिरोधकांवर पडदा हिरवा होता.

दुपारी घर शांत झाल्यावर त्यांनी फोनवर अभिप्रायाचा फॉर्म उघडला. पाच ताऱ्यांपैकी किती द्यायचे यावर बराच विचार केला. पिशवीसाठी थांबते, हे चांगलंच. उद्या पिशवीच्या जागी कोणी रांगत असेल. पट्टा धरून चालते, तेही चांगलं. तीन तारे दिले. मग दोनशे अक्षरांच्या चौकटीत, कचेरीत लिहितात तसं लिहिलं :

‘उपकरण प्रामाणिक आहे, पण अडाणी आहे. अर्धे मिटलेले डोळे म्हणजे झोप नव्हे. आमच्या घरात आता असे दोघे आहेत. दुरुस्तीसाठी अठरा वर्षांची मुदत देत आहे. त्यानंतर ती चालवायला बसेल.’

“अहो,” आतून बायकोनं दबक्या आवाजात विचारलं, “बघा ना जरा, ही जागी आहे की झोपली?”

ते आत जाऊन वाकले. फट बंद झाली होती, अगदी पूर्ण, आणि खाली श्वास संथ चालला होता.

“आत्ता झोपली,” तपासनीस म्हणाले आणि खिशातली वही काढून वेळ लिहून ठेवली.